निळी स्क्रीन आलीच नाही

सोमवारी सकाळी कॉम्प्युटरने हेडबाईंना काहीतरी विचारलं आणि हेडबाई 'हो' म्हणाल्या. घडलं ते एवढंच. पुढचा सगळा आठवडा गेला तो त्या एका 'हो'चा घोळ निस्तरण्यात.

हेडबाई म्हणजे कुठल्या शाळेच्या हेडबाई नव्हेत. शाळेचा आणि त्यांचा संबंध दुसरीच्या मध्यावर सुटला, तो पुन्हा जुळलाच नाही. हे नाव गल्लीने ठेवलेलं, त्यांच्या जिभेवरून. कोणाची चूक दिसली की ती तिथल्या तिथे, चारचौघांत, मोठ्या आवाजात दाखवून द्यायची, हा त्यांचा नेम. पेपरवाला पेपर वाकडा टाकून गेला तर परत बोलावून सरळ टाकायला लावायच्या. त्यांच्यासमोर माणसं नकळत शर्टाची वरची गुंडी लावून घेत.

पुढच्या खोलीत त्यांचं भरतकामाचं दुकान होतं. बँडवाल्यांच्या टोप्या, हॉटेलातल्या वाढप्यांचे खिसे, शाळांच्या कोटांवरची बोधचिन्हं, सगळं त्यांच्याकडे यायचं. खोलीत बारा सुयांचं एक मोठं मशीन, कोपऱ्यात कॉम्प्युटर, आणि खिडकीशी स्टुलावर काजवाली. काजवाली म्हणजे काजं-बटणं करणारी बाई. ती चौदा वर्षं तिथेच बसत होती आणि चौदा वर्षं हेडबाईंना उलट उत्तर देत होती. गल्लीत ही मुभा तिला एकटीलाच होती.

आता तुम्ही विचाराल, दुसरीतून सुटलेली बाई इंग्रजी नावं कशी भरते? अगदी सुबक भरते. अक्षरं वाचायला वाचता यावं लागतं, भरायला नाही. हेडबाईंना प्रत्येक इंग्रजी अक्षर तोंडपाठ होतं, पण चेहऱ्याने. एक तीन दात्यांचा कंगवा होता. एक अर्धी फुटकी बांगडी, एक दोन डोंगरांचं, एक नुसतं बटण, आणि एक खांबाला टेकून लाथ मारणारा माणूस. गिऱ्हाइकाने कागदावर लिहून दिलं की त्या कागदावरचे चेहरे बघून तेच चेहरे कॉम्प्युटरमध्ये ओळीने बसवायच्या. वीस वर्षांत एक चूक नाही. कोणी म्हणालंच, की बाई, जरा वाचून दाखवा बरं काय लिहिलंय, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: "चष्मा घरी राहिला." दुकानात असल्या तर, "चष्मा आत राहिला." चष्मा दोरीने गळ्यात लटकत असायचा. पण हेडबाईंना हे सांगणार कोण?

तर तो 'हो'. दुकानातलं प्रत्येक यंत्र सकाळी पहिल्यांदा हेडबाईंच्याच बोटाने सुरू व्हायचं. तसा दंडकच होता. सोमवारी त्यांनी कॉम्प्युटर लावला तर मधोमध एक चौकोन, त्यात इंग्रजी मजकूर आणि खाली दोन बटणं. उजवीकडचं बटण म्हणजे होकार, हे त्यांनी अनुभवाने ताडलेलं होतं. एखादं यंत्र इतक्या अदबीने परवानगी मागतंय म्हटल्यावर मोठ्या माणसाने मोठ्या मनाने द्यावी. त्यांनी दिली.

तासभर कॉम्प्युटर कण्हत राहिला, बंद पडला, आपणच सुरू झाला. पाठीमागचं चित्र बदललेलं होतं, आणि चित्र छान होतं. पण भरतकामाच्या प्रोग्रामची पाटी उघडायला गेल्या तर लाल फुली आणि चार ओळींचं इंग्रजी. पुन्हा गेल्या, पुन्हा फुली.

त्या दिवशी नेमके शाळेच्या साठ कोटांचे खिसे टेबलावर येऊन पडले होते. शाळेने बोधचिन्ह बदललं होतं. नवीन चिन्ह आधी कॉम्प्युटरवर आखायचं, मग मशीनला द्यायचं, आणि शुक्रवारी साठही खिसे शाळेच्या कचेरीत पोचते करायचे. हेडबाईंनी कारकुनाला शब्द दिला होता. "शुक्रवार म्हणजे शुक्रवार. माझ्याकडे शनिवार होत नाही," असे त्यांचे शब्द. इतका ठसठशीत शब्द देऊ नये माणसाने.

त्यांनी जावयाला फोन लावला. जावई दुसऱ्या गावी एका मोठ्या कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळत. माणूस गरीब. सासूशी फोनवर बोलतानाही खुर्चीतून उठून उभे राहत, असं मुलगी सांगायची. हा कॉम्प्युटर त्यांनीच बसवून दिलेला.

"आई, तुम्ही अपग्रेडला हो म्हणालात का?"

"मी कशाला म्हणेन? त्यानेच केलं असेल काहीतरी."

"बरं बरं. होतं कधी कधी." गरीब माणूस. "मी इथूनच बघतो."

मग स्क्रीनवरचा बाण आपला आपण चालायला लागला. काजवाली सुई हातात धरून बघत राहिली. "बाई, हा तर एकटाच हिंडतोय."

"एकटा नाही हिंडत. जावईबापू हिंडवताहेत."

"तिकडून? मग तिकडून आपण दिसत असू?"

"तू नाही दिसत. काजं कर."

जावयांनी समजावून सांगितलं ते असं. कॉम्प्युटर म्हणजे एक घर. त्या घराचं नाव लिनक्स. भरतकामाचा प्रोग्राम जुना, त्याला हे घर मानवत नाही, त्याला जुनंच घर हवं. म्हणून या घरात एक खोली अशी करून दिली आहे, की आत बसणाऱ्याला वाटावं, हेच माझं सगळं घर. आतल्याला बाहेरचं काही कळत नाही, तो खुशाल असतो.

"घरोघरी असते अशी एक खोली," काजवाली हेडबाईंकडे न बघता म्हणाली.

तर त्या खोलीच्या दाराची कडी थेट घराच्या पायात बसवलेली असते. अपग्रेड झालं म्हणजे घराचा पाया बदलला. नव्या पायात जुनी कडी बसत नाही, नवी करावी लागते. ती जावयांनी केली. पण नव्या घरात एक रखवालदार आहे. अनोळखी माणसाने आणलेली कडी तो आत येऊ देत नाही. त्याला मालकाने स्वतः, समोर उभं राहून सांगावं लागतं, की हा माझा माणूस आहे, येऊ द्या.

"तर आई, आता मी कॉम्प्युटर बंद करून चालू करतो. तेव्हा माझा हात इथून सुटेल. एक निळी स्क्रीन येईल. ती समोर बसलेल्यालाच दिसते, मला दिसत नाही. दहा सेकंद थांबेल. कुठलंही बटण दाबा, म्हणजे एक यादी येईल. यादीत काय लिहिलंय ते मला फक्त वाचून दाखवा. कुठलं घ्यायचं ते मी सांगतो."

फक्त वाचून दाखवा. माणसं किती सहज बोलून जातात!

कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला, आणि निळी स्क्रीन आली. चांगली गडद निळी, वर पांढरी अक्षरं. हेडबाईंनी लांबलचक बटण दाबलं. चार ओळी आल्या. फोन कानाला. जावई पलीकडून म्हणताहेत, "आली का, आई?"

आता इथे खरी गोष्ट आहे, म्हणून जरा थांबून सांगते. हेडबाईंना एका वाक्यात सुटता आलं असतं. पण ते वाक्य सांगायचं कोणाला? जावयाला! ज्याच्यासमोर गेली नऊ वर्षं त्या पेपर तोंडासमोर धरून बसत आल्या, पानं वेळेवर उलटत आल्या, त्याला? लग्न ठरवताना याच माणसाला त्यांनी विचारलं होतं, "शिक्षण किती?" आणि त्याने सांगितल्यावर, "बरं आहे, चालेल," म्हणाल्या होत्या.

चार ओळींपैकी पहिलीवर आपोआप पट्टी आलेली होती. यादीत जो वर तोच मोठा, हे उघड आहे. हेडबाईंनी एंटरचं ठोकळा बटण दाबलं. निळं गेलं, रोजचं चित्र आलं.

"आली का निळी स्क्रीन?"

"नाही आली."

"नाही आली? अशी कशी नाही आली?"

"नाही आली म्हणजे नाही आली. मला काय डोळे नाहीत?"

"बाई," काजवाली म्हणाली, "आत्ता ते निळं..."

"तू काजं कर!"

रखवालदार बिचारा मालकिणीला विचारायला दारात आला होता. मालकिणीने त्याला तसाच परत पाठवला. कडी बाहेरच राहिली. पाटी उघडली, तर लाल फुली.

एकदा 'नाही आली' म्हटल्यावर मंगळवारी 'आली' म्हणायची सोय उरत नाही. आली म्हटलं तर काल का आली नव्हती? जावई हुशार, लगेच विचारतील. मंगळवारी त्यांनी पुन्हा सगळं केलं, पुन्हा निळी स्क्रीन आली, पुन्हा हेडबाईंनी वरच्या ओळीचा मान राखला आणि सांगितलं, "छे! काळोख आणि मग चित्र. मध्ये काही नाही."

"मग रखवालदारालाच रजा देऊ," जावई म्हणाले. त्यांचा आवाज आता थकला होता. "चालू होताना अमुक बटण दाबून धरा, एक मेनू येईल, तो मला वाचून..."

"ते बटण चालत नाही."

"कुठलं?"

"तुम्ही म्हणताय तेच."

मग ते म्हणाले, "माझंच काहीतरी चुकत असेल, आई. मी अजून वाचतो." आणि तो माणूस खरंच वाचत बसला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत म्हणे मोठमोठी पानं वाचायचा, का निळी स्क्रीन येत नाही म्हणून. जगात ज्यांची ज्यांची येत नाही त्यांची सगळी दुखणी त्याने वाचली. सासूने खोटं सांगितल्याचं त्यात कुठे नव्हतं.

इकडे गल्लीला वास लागला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यात उभे राहून म्हणाले, "वहिनी, रात्रभर प्लग काढून ठेवा. यंत्रालाही विसावा लागतो. आमच्या पोस्टातलं शिक्क्याचं यंत्र असंच करायचं." समोरच्या दारातल्या शेजारणीने सांगितलं, तिच्या भाच्याचा कॉम्प्युटर असाच बिघडला होता, तो त्यांनी खिडकीपासून लांब ठेवला आणि सुधारला. हेडबाईंनी प्लगही काढला आणि टेबलही सरकवलं. ज्याला दुखणं माहीत असतं आणि सांगता येत नाही, त्याला सगळी औषधं घ्यावी लागतात.

"पण बिघडलं कशाने?" पोस्टमास्तरांनी विचारलं. समोरचीही थांबली. काजवाली डबा घेऊन घरी निघाली होती, तीही थांबली आणि हेडबाईंकडे बघत राहिली. त्या बघण्यात निळा रंग होता.

हेडबाईंच्या तोंडून निघून गेलं, "हिनेच ओल्या फडक्याने पुसला. सतरांदा सांगितलंय कोरडं फडकं घे. आणि आमचे जावई! म्हणायला कॉम्प्युटरवाले. दोन दिवस झाले, एक कडी बसवता येत नाही."

काजवालीने डबा या हातातून त्या हातात घेतला आणि जिना उतरली. बुधवारी तिचं स्टूल रिकामं होतं.

बुधवारी दुरुस्तीवाला आला. त्याने कॉम्प्युटरचं पोट उघडलं, आत फुंकर मारली आणि स्वतःच सात वेळा शिंकला. फोनवर जावयांनी त्याला सांगायला सुरुवात केली, की जरा रखवालदाराचा मेनू उघडा. दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, मला फोनवर शिकवू नका, मी बावीस वर्षं हेच करतोय." जावई म्हणाले, "मी शिकवत नाही, विनंती करतोय." दुरुस्तीवाला म्हणाला, "विनंती येऊन करा." मग त्याने सगळं पुसून दुसरी प्रणाली टाकण्याचा सल्ला दिला. त्यात आतली खोली सामानासकट जाईल, म्हणजे वीस वर्षांची सगळी डिझाइनं, हे त्याने जाता जाता सांगितलं, जसं काही कॅलेंडर उतरवायचं आहे. हेडबाईंनी त्याला दार दाखवलं. तो गेला. टेबलावर एक स्क्रू उरला.

तिसऱ्यांदा निळी स्क्रीन आली ती गुरुवारी सकाळी. "या वेळी नीट बघा हं आई," जावई म्हणाले. हेडबाईंनी नीट बघितलं. चार ओळी. पहिली अर्ध्या बांगडीने सुरू होणारी, बाकी तिन्ही कंगव्याने. दोन सेकंद त्यांना वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, आता तर मुळीच सांगू नये. ठोकळा बटण. "नाही."

गुरुवारी दुपारी त्या शाळेत गेल्या. स्वतः गेल्या, कारण शब्द स्वतः दिला होता. कारकुनाची खोली जिन्याखाली. टेबलावर शाईचे शिक्के, दोऱ्याने बांधलेल्या फायली, आणि मागे चष्मेवाला कारकून. मुदत वाढवून हवी म्हटल्यावर त्याने एक छापील नमुना पुढे सरकवला. "दोन प्रतींत भरा. विलंबाचं कारण, आणि खाली दोष कोणाचा त्यावर खूण."

हेडबाईंचा हात गळ्यातल्या दोरीकडे गेला आणि तिथेच राहिला. "चष्मा घरी राहिला," त्या म्हणाल्या. चष्मा त्यांच्या बोटांत होता.

कारकुनाने चष्म्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि नमुना आपल्याकडे ओढून घेतला. "मी भरतो. कारण?"

"कॉम्प्युटर."

"तांत्रिक," असं म्हणत त्याने लिहिलं. "दोष कोणाचा? तीन रकाने आहेत. यंत्र, वाहतूक, निसर्ग."

"यंत्राचा," हेडबाई म्हणाल्या, आणि खाली सही केली. सही त्यांची झोकदार होती. सगळं शिक्षण त्यांनी त्या एका सहीत ओतलेलं होतं.

सोमवारपर्यंत मुदत मिळाली. "सोमवारी नाही आले तर बाजारातल्या मोठ्या कारखान्याला काम जाईल," कारकून म्हणाला. "आणि मग दरवर्षीचंच जाईल, बाई. मी सांगून ठेवतो."

शुक्रवारी सकाळी मुलीचा फोन आला. आवाज रडून बसलेला.

"आई, हे दुपारच्या बसने येताहेत तुझ्याकडे."

"कोण? जावई? कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझा कॉम्प्युटर. रजा नाकारली होती, भांडून घेतली. आई, तूच मंगळवारी फोनवर म्हणालीस ना मला, याला एक कडी बसवता येत नाही म्हणून? मी परवा चिडून तेच बोलले यांना. माझी आईसुद्धा म्हणते, म्हटलं. तेव्हापासून जेवताना बोलत नाहीत. रात्री वहीत काहीतरी आकृत्या काढत बसतात. काल मला म्हणाले, मी दहा वर्षं हे काम करतोय, पण बहुतेक मला येत नाही."

हेडबाई खुर्चीत बसल्या. ती खुर्ची त्यांची नव्हती, काजवालीचं स्टूल होतं, हे त्यांना बसल्यावर कळलं.

आता दोन गोष्टी होत्या. एक, जावई संध्याकाळी येतील, समोर बसतील, पहिल्या खेपेलाच निळी स्क्रीन येईल, आणि मग ते सासूकडे मान वळवून बघतील. त्या बघण्याचा विचारसुद्धा हेडबाईंना सोसवेना. दुसरी गोष्ट म्हणजे वहीतल्या आकृत्या. ती पहिलीपेक्षा जास्त टोचली. शेजारच्यांत जिभेला धार लावताना ती कोणाच्या मानेवर उतरते, हे आपण बघतच नाही.

तरी माणूस शेवटपर्यंत पळवाट शोधतो. त्यांनी पोस्टमास्तरांना बोलावलं. म्हटलं, गपचूप यांच्याकडून वाचून घेऊ, आणि जावयांना फोन करू की आली बरं का, आजच आली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. पाच वेळा केला. निळी स्क्रीन काही येईना. जावयांनी तिकडून हुकूम सोडल्याशिवाय रखवालदार दारात येतच नाही, हे बाईंना काय माहीत! तीन दिवस जिला हाकललं ती आता पाया पडूनही येत नव्हती.

"काय वाचायचंय, वहिनी?" पोस्टमास्तर चष्मा पुसत उभे.

"काही नाही. जा तुम्ही."

मग त्यांनी फोन लावला. पलीकडे गाड्यांचे आवाज. जावई बस थांब्यावर पोचलेही होते.

"आई, निघतोच आहे. संध्याकाळपर्यंत..."

"निघू नका."

"का? झालं सुरू?"

"निळी स्क्रीन आली होती."

"आज?"

"सोमवारी. मंगळवारी. काल." हेडबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. खोलीत कोणी नव्हतं, तरी केलं. "तिन्ही वेळा आली होती. मीच घालवली."

बसचा कर्णा वाजला. कोणीतरी गावाचं नाव ओरडलं. मग जावई अगदी हळू, सासूला बसायला पाट सरकवावा तसं म्हणाले, "चष्मा नव्हता का, आई, तेव्हा?"

वाट मोकळी होती. रुंद, झाडून स्वच्छ केलेली, स्वतः जावयाने करून दिलेली. हेडबाईंनी एक पाऊल टाकलंसुद्धा होतं. तोंड उघडलं होतं.

"चष्मा होता," त्या म्हणाल्या. "डोळ्यावरच होता. मला वाचता येत नाही. इंग्रजी तर नाहीच. आपलंही अडखळत." आणि मग, कारण एकदा सुरू झालेलं मध्ये सोडता येत नाही, "तो पेपर मी नुसता धरते."

जावई म्हणाले, "थांबा, मी बाकावर बसतो." बसले असावेत. बस गेल्याचा आवाज आला. "माझ्याजवळ लॅपटॉप आहे. इथूनच करू. आई, तुम्हाला वाचता नाही आलं तरी चालेल. दिसतं ना?"

"दिसतं. भरतेच की मी ती अक्षरं."

"मग दिसतं ते सांगा."

बाण चालला. कॉम्प्युटर बंद, चालू. निळी स्क्रीन. हेडबाईंनी लांब बटण दाबलं.

"चार ओळी. पहिली अर्ध्या बांगडीची."

"ती नको."

"तीच दाबली मी तिन्ही वेळा."

"असू दे. दुसरी?"

"दुसरी, तिसरी, चौथी, तिन्हींचं तोंड कंगवा. तीन दात्यांचा."

"बरोबर. त्यातली कुठली दोनच शब्दांची आहे? दुसऱ्या शब्दात फक्त तीन अक्षरं, तिन्ही मोठी?"

"दुसरी ओळ. दोन डोंगर, बटण, आणि खांबाला लाथ मारणारा माणूस."

पलीकडे जावई हसले. चार दिवसांनी हसले असावेत, कारण हसू जरा गंजलेलं निघालं. "तोच माणूस. घ्या त्याला."

मग दोन ओळी आल्या. खालची पुन्हा अर्धी बांगडी. "इथे ती बरोबर आहे," जावई म्हणाले. "सोमवारी तिची जागा चुकली होती, एवढंच." मग पुन्हा दोन ओळी. वर दोन खांब आणि मधली तिरपी पट्टी, खाली गलोल. "गलोल घ्या." मग परवलीची खूण म्हणून जावयांनी सांगितलेले एकापासून आठपर्यंत आकडे. आकडे त्यांचे पक्के होते; आकड्यांत त्यांना कोणी चुकवून दाखवावं. कॉम्प्युटर एकदा शेवटचा बंद झाला आणि उठला. हेडबाईंनी पाटी उघडली. आतली खोली उघडली, जशीच्या तशी, जुन्या चित्रासकट. आतल्याला काही कळलेलंच नव्हतं.

"जावईबापू."

"अं?"

"तिला सांगा घरी जाऊन. कडी तुम्हीच बसवली. पहिल्या दिवशीच बसवली होती."

"तुम्हीच सांगा ना, आई. माझं ती ऐकेल का?"

त्यांनी सांगितलं. मुलगी जे काय बोलली ते इथे लिहीत नाही. आईच्याच जिभेची लेक ती.

मग काजवालीचं घर. हेडबाई चौदा वर्षांत तिथे गेल्या नव्हत्या. काजवाली दारातच उभी राहिली.

"उद्या ये. साठ खिसे आहेत."

"ओलं फडकं घेऊन येऊ का?"

"फडकं कोरडं होतं."

"आणि निळं?"

"निळं आलं होतं."

"ते मला माहीत आहे, बाई. मी तिथेच होते. पण मला जिन्यात बोललात, पोस्टमास्तरांसमोर. समोरचीच्या देखत." काजवालीने दोन्ही हात चौकटीला लावले. "तर जिन्यातच सांगा."

शनिवारी सकाळी आठ वाजता हेडबाई जिन्यात उभ्या राहिल्या. पोस्टमास्तर बनियनवर होते, त्यांना शर्ट घालून यायला लावलं. समोरची आली, तिची बहीण आली, बोलावलेली नसलेली आणखी दोघं आली. हेडबाईंनी सांगितलं. दोनच वाक्यं होती, पण ती बोलताना कानाच्या पाळ्या अशा तापल्या, की वाटलं आता पदराला चटका बसेल. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हसणाऱ्याला झापता येतं. पोस्टमास्तर नुसते म्हणाले, "अहो वहिनी, मग काल मला बोलावलंत तेव्हाच..." आणि पुढचं त्यांनी गिळलं.

काजवाली वर चढली, स्टुलावर बसली, सुईत दोरा ओवला. "बाई, दार लावून घ्या," ती म्हणाली, "साठ खिसे आहेत."

सोमवारी खिसे शाळेत गेले. कारकुनाने मोजले, प्रत्येकावरून बोट फिरवलं, मान डोलावली.

"तो नमुना काढा," हेडबाई म्हणाल्या. "यंत्रावरची खूण खोडा. दोष माझा होता."

कारकुनाने फाईल सोडली, दोन्ही प्रती काढल्या, बराच वेळ बघितल्या. "असा रकाना नाही, बाई."

"करा."

"छापील आहे."

"मग हाताने आखा. पट्टी आहे ना?"

त्याने पट्टी घेतली आणि आखला. दोन्ही प्रतींवर, बारीक, चौथा रकाना. तिथे हेडबाईंनी सही केली. या वेळी ती झोकदार आली नाही, जरा घसरली.

निघता निघता त्या थांबल्या. वरच्या खिशावर बोट ठेवलं. चिन्हाखाली कमानीत सहा शब्द होते. चिन्ह नवं, पण शब्द जुनेच. वीस वर्षं त्या तेच चेहरे भरत आल्या होत्या. विचारायचं ठरवूनच आल्या होत्या.

"यावर काय लिहिलंय हो? मला वाचता येत नाही."

कारकुनाने खिसा उचलला. जवळ धरला, लांब धरला. अक्षरं इंग्रजी, पण कुठल्याशा जुन्या भाषेतले शब्द होते ते, इंग्रजी नव्हेत, आपले तर नव्हेतच. वीस वर्षं तो त्याचाच शिक्का मारत बसला होता. त्याने खिसा खाली ठेवला, नाकावरचा चष्मा बोटाने वर सरकवला, आणि टेबलावरच्या शाईकडे बघत म्हणाला, "आज जरा... चष्मा घरी राहिलाय."

हेडबाईंनी त्याच्या नाकाकडे बघितलं. जिभेवर काय काय आलं होतं! आठ दिवसांपूर्वी त्यातला एकही शब्द वाया गेला नसता.

"असू दे," त्या म्हणाल्या. त्यांनी गळ्यातली दोरी सारखी केली. "जावयांना विचारते. कळलं की तुम्हालाही सांगते."